माझी व्हीआरएस आणि लेकीचा राजीनामा

परवा रविवारी लेक, जावई आणि नातू जेवायला आले होते. आमच्याच मांजरीत, पण नव्या मांजरीत, म्हणजे टॉवरमध्ये राहतात ते. जेवणं झाली, ह्यांनी पेपर तोंडावर घेऊन डुलकी काढली आणि जावईबापूंनी लॅपटॉप उघडला. म्हणाले, "आई, तुम्ही बँकेतल्या. जरा बघा आमचं गणित बरोबर आहे का."

गणित होतं लवकर निवृत्त होण्याचं. जावई आता बेचाळीसचे. पंचेचाळीसाव्या वर्षी नोकरी सोडायची, मुलाला वेळ द्यायचा, ट्रेकिंग करायचं असा बेत. हल्ली आयटीतल्या मुलांमध्ये याची मोठीच टूम आहे. महिन्याचा खर्च धरा ऐंशी हजार, म्हणजे वर्षाचे नऊ लाख साठ हजार. त्याची पंचवीस पट केली की दोन कोटी चाळीस लाख. एवढे जमले की नोकरीला रामराम. ही पंचवीस पट कुठून आली, असं मी विचारलं. ते अमेरिकेतल्या शेअर बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून काढलेलं सूत्र आहे आणि तेही साधारण तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. पंचेचाळीसाव्या वर्षी घरी बसणाऱ्या माणसाला तीस वर्षांनी पंचाहत्तरी गाठायची असते, आणि आमच्या घरात सासूबाई ब्याऐंशीपर्यंत होत्या! असो. जावई हुशार आहेत, ते यावर काहीतरी तोडगा काढतील.

मी खाली खाली वाचत गेले. खर्चाच्या यादीत एक ओळ होती, 'स्वयंपाकाच्या मावशी'. तिच्यापुढे दरमहा रक्कम होती, आणि येत्या वर्षाच्या रकान्यापासून पुढे सगळीकडे शून्य. मी विचारलं, "मावशी सोडून जाणार आहेत का?" जावई म्हणाले, "नाही आई, पण हिने नोकरी सोडली की ती घरीच असेल ना. मग कशाला?"

तेव्हा मला कळलं की निवृत्ती पहिल्यांदा लेक घेणार होती. तिचा पगार त्यांच्यापेक्षा कमी, म्हणून आधी तिने सोडायचं, मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याच्याकडे बघायचं, आणि तीन वर्षांनी ते सोडणार. लेक समोर बसून शेंगा सोलत होती. काही बोलली नाही. मी पण त्या दिवशी काही बोलले नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, कारण हा हिशोब मी आधी एकदा पाहिला होता.

मी १९८० साली बँकेत क्लार्क म्हणून लागले. लग्न होऊन मांजरीत आले ते १९८४ मध्ये. तेव्हा मांजरी म्हणजे ऊस, भाजीचे मळे आणि मुळा-मुठेचा काठ. नदीच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द. साखरेचं संशोधन करणारी संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तेवढी ओळखीची. द्राक्ष संशोधन केंद्र नंतरचं, १९९७ चं. मी स्टेशनवरून दौंडहून येणारी शटल पकडायची. डबा, पर्स आणि विणकामाची पिशवी. अशी सतरा वर्षं केली.

मग २००० च्या शेवटी सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. कॉम्प्युटर येत होते, माणसं जास्त झाली असं वरच्यांचं म्हणणं होतं. ज्यांची नोकरी पंधरा वर्षं झाली किंवा ज्यांनी चाळिशी ओलांडली, त्यांना अर्ज करता येत होता. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते मिळणार. त्या एका योजनेत देशभरातून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. आमच्या शाखेतून आम्ही चौघं गेलो, तीन बायका आणि एक साहेब. साहेबांनी दुसरीकडे नोकरी धरली. आम्ही तिघी घरी आलो.

माझं वय बेचाळीस, नोकरी एकवीस वर्षं. म्हणजे मला मिळाला बेचाळीस महिन्यांचा पगार. सेवेची उरलेली वर्षं होती अठरा, म्हणजे दोनशे सोळा महिने. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून बघायचं मला तेव्हा सुचलं नाही. दिवसभर काउंटरवर दुसऱ्यांच्या पासबुकांचे आकडे जुळवणारी बाई मी! घरात सगळ्यांना एकरकमी पैसा दिसत होता आणि मला दिसत होती दहावीत जाणारी लेक आणि अंथरुणाला खिळू लागलेल्या सासूबाई. ३१ मार्च २००१ ला मी शेवटची सही केली. शाखेने साडी आणि घड्याळ दिलं. घरी येताना शटलमध्ये माझ्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं.

आता सांगते, मला त्याचा पश्चात्ताप होतो का? सासूबाईंच्या बाबतीत अजिबात नाही. तीन वर्षं त्या माझ्या हातून जेवल्या. आयुष्यभर माझ्याशी तुटक बोललेली ती बाई शेवटी शेवटी मला आपल्या माहेरच्या विहिरीच्या गोष्टी सांगायची. नोकरीत असते तर हे मिळालं नसतं. लेकीच्या बाबतीत मात्र माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं, आई घरी आहे म्हणून पोरीला बळ येईल. मागच्या वर्षी एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "आई, तू घरी बसलीस आणि घरात रोजच परीक्षा सुरू झाली. पूर्वी निदान साडेसहापर्यंत सुटका असायची." मी हसले खरी, पण लागलं. पंधरा वर्षांच्या मुलीला आई दाराशी उभी नको असते. तिची खरी गरज मला नंतर कळली, तिच्या बाळंतपणानंतर, ती रात्रीची रडायची तेव्हा. कुटुंबाला वेळ द्यायचा असं आपण म्हणतो, पण नेमका कुणाला, कोणत्या वयात, किती, हे कुणी मोजून देत नाही.

आणि घरी असलेल्या बाईचा वेळ फक्त मुलांना मिळतो हेही खोटं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी घरी आहे म्हटल्यावर गॅसवाला माझ्याकडे, लाइटबिल माझ्याकडे, भावकीतल्या लग्नांच्या पत्रिका माझ्याकडे. चुलत दिरांच्या मुलाला अ‍ॅडमिशनसाठी घेऊन जायचं, तेही माझ्याकडे. सगळ्या आळीची पासबुकं भरायला मीच बँकेत जायची, आणि माझ्याच जुन्या काउंटरसमोर रांगेत उभी राहायची. पूर्वी 'वहिनी दमून आल्यात' म्हणून चहा समोर यायचा. तो बंद झाला. तो चहा पगाराचा होता हे कळायला मला वर्ष लागलं.

पैशाचं काय झालं ते तर ऐकाच. निम्मी रक्कम घराच्या वरच्या मजल्यात गेली. जागा मामंजींच्या नावावर, मजला त्याच जागेवर. नणंदेच्या मुलीच्या लग्नाला थोडे दिले, ते द्यायलाच हवे होते. उरलेले मुदत ठेवीत टाकले. २००१ मध्ये ठेवींवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, आणि त्या व्याजावर आम्ही घरखर्च मांडला होता. दोन-तीन वर्षांत तो दर सहाच्या जवळ आला. आम्ही व्हीआरएसवाले सगळेच तेव्हा तोंडात बोट घालून बसलो. जावयांच्या लॅपटॉपमध्ये जो व्याजाचा आकडा आहे ना, त्याच्याकडे बघून मला हेच आठवलं.

पेन्शन? ती नव्हती. बँकेत १९९५ च्या सुमारास पीएफ की पेन्शन असा पर्याय दिला होता. घरी विचारलं, सगळे म्हणाले हातात एकरकमी येतं ते बरं. मी पीएफवर टिक केली. घरच्यांना दोष देत नाही, शाखेत बहुतेकांनी तेच केलं. पण फॉर्म माझा होता आणि टिक कुठे करायची ते मी विचारत बसले, हे मला आजही खुपतं.

मग २०१० साली दुसरी संधी आली. संघटना आणि बँका यांच्यात करार झाला आणि आमच्यासारख्या जुन्या निवृत्तांनाही पेन्शन घेता येईल असं ठरलं. अट एकच. पीएफमधला बँकेचा वाटा व्याजासकट परत करायचा आणि वर आणखी रक्कम भरायची. आणि मुदत थोडी. माझा पैसा वरच्या मजल्यात विटा होऊन बसला होता. ह्यांचं म्हणणं, आता या वयात कशाला ते परत करायचं, चाललंय ना? वाईट बोलले नाहीत, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी दोन दिवस विचार केला आणि माहेरच्या पाटल्या आणि एक जुना हार काढला. हेच मला गाडीवर बसवून सराफाकडे घेऊन गेले, रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. मी रक्कम भरली. आज पंधरा वर्षं दर महिन्याला माझ्या नावावर, माझ्या खात्यात पेन्शन येते. भरलेले पैसे कधीच वसूल झाले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाते, तेव्हा त्या दिवशी मी चांगली साडी नेसते. जिवंत आहे हे सांगायला जायचं तर जरा नीट जावं!

मैत्रिणींनो, मी हे सगळं नोकरी सोडू नका असं सांगण्यासाठी लिहीत नाहीये. थकलेल्या बाईला 'टिकून राहा' असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. सकाळी पाचला उठून दोन डबे भरून बस धरणाऱ्या बाईला घरी बसावंसं वाटणं यात लाज कसली? माझं म्हणणं एवढंच आहे की सोडणं तुमचं असेल तर हिशोबही तुमच्या नावाचा असू द्या.

बायकांना लवकर निवृत्त करण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबल लावणाऱ्या मुलींनी लग्न केलं की नोकरी आपोआप संपायची. हे प्रकरण युनियनने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि १९६५ साली ती अट रद्द झाली. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिशीत घरी पाठवायचे, आणि पहिल्या गरोदरपणात तर लगेच. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९८१ साली गरोदरपणाची अट न्यायालयाने मोडीत काढली, वयाची मात्र तेव्हा राहिलीच. आता अशी अट कागदावर कुणी लिहीत नाही. आता ती लॅपटॉपमध्ये मावशींच्या ओळीपुढे शून्य म्हणून येते.

त्या शून्याची किंमत सरकारनेच मोजली आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामावर ते करणाऱ्या बायकांची रोजची २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७, असं निघालं. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं. बायकांची झाली २८९. चला, दहा मिनिटं वाचली म्हणावं, तर पुरुषांची झाली ८८! म्हणजे मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन यांनी जी काही मिनिटं वाचवली, ती पुरुषांनीही आपल्या वाट्यातून काढून घेतली. नवरा-बायको दोघं लवकर निवृत्त झाले तर यातलं कोण निवृत्त होतं, तुम्हीच सांगा.

आमच्या मांजरीत लवकर निवृत्ती काही आयटीवाल्यांनी आणलेली नाही. शेजारी मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकण्याऐवजी एकत्र केल्या, चारशेहून जास्त एकर, आणि स्वतःच भागधारक झाले. सगळीकडे तसं झालं नाही. आमच्याकडे तुकड्यातुकड्याने जमिनी गेल्या आणि पंचेचाळीस-पन्नाशीचे धडधाकट पुरुष पारावर बसायला लागले. चार चाकी आली, गळ्यात साखळी आली. बायकांना काय मिळालं? ज्यांचं नाव सातबाऱ्यावर होतं त्यांची रजिस्टर ऑफिसात सही लागली, तेवढ्यापुरती त्यांची विचारपूस झाली. बाकीच्यांना सहीपण लागली नाही. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून गावोगाव सभा घेतल्या. ऊस-कांद्याच्या भावाएवढंच हे महत्त्वाचं आहे, असं एक शेतकरी नेता पुरुषांपुढे सांगत होता. आमच्या आळीत कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. आता जमीन गेली, गाव २०२१ मध्ये महापालिकेत गेलं, आणि पारावरचे निवृत्त पुरुष दुपारी एक वाजता घरी जेवायला येतात. ताट वाढायला ती उभीच.

हडपसरला भाजी विकणारी माझी एक ओळखीची बाई आहे. पहाटे मांजरीच्या उपबाजारातून माल उचलते. माझ्याच वयाची. तिला मी माझी ही व्हीआरएसची कथा सांगितली तर ती मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "घरी बसायचे पैसे देत्यात व्हय तुम्हाला?" यावर काय बोलणार? तिच्यापुढे माझं दुःख पोटभरल्या माणसाचंच. पण तिने आपल्या नावावर पोस्टात आरडी ठेवली आहे आणि पासबुक कुठे आहे ते फक्त तिला आणि आता मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, "तुला खरंच सोडायचीय का?" ती म्हणाली, "आई, मी दमलेय. पण सोडायचीय का ते माहीत नाही." हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हीचं औषध एकच असतं असं आपण धरून चालतो. दमलेल्या बाईला रजा लागते. केंद्र सरकारच्या नोकरीत बायकांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी सगळी मिळून ७३० दिवस रजा आहे. आपल्या राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने तिच्यातला एकही दिवस न वापरता राजीनामा देण्याची तयारी केली होती, कारण हेडमास्तर काय म्हणतील! खासगी नोकरीत असली रजा नाही, पण बिनपगारी सहा महिने मागून तर बघावेत. नाही म्हणाले तर राजीनामा तेव्हाही देता येतोच.

आणि सोडायचीच असेल तर आधी तारखा बघा, बायांनो. राज्य सरकारी नोकरीत वीस वर्षं झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. एकोणीस वर्षं दहा महिन्यांवर घरातल्या कटकटीपायी राजीनामा टाकलेली बाई मी पाहिली आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं पेन्शन वेगळं, ते आधी कार्यालयात बसून समजून घ्या. खासगी नोकरीत पीएफबरोबर जी पेन्शन असते, तिला दहा वर्षं लागतात. आठ-नऊ वर्षांवर सोडून पैसे काढून घेतले की पेन्शनवर पाणी. ती अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण मिळते, पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कापून. रक्कम फार नसते, तरी आपली असते. लेकीची चौदा वर्षं झाली आहेत. तिचा पीएफचा पासवर्ड जावयांकडे होता. तो तिने बदलून घेतला, एवढं काम त्या फोनवर झालं.

जावईबापूंचा मला राग नाही. मुलाला वेळ द्यावा असं वाटणारा बाप आमच्या पिढीत शोधून सापडला नसता. २०२० मध्ये दोघं घरून काम करत होते तेव्हा त्यांनी नातवाला सायकल शिकवली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रोज संध्याकाळी. ते पोर अजून त्याच गोष्टी सांगतं. म्हणून तर मला वाटतं, तीन वर्षांनी कशाला, वेळ द्यायचा तर आत्ता द्यावा. दोघांनी आळीपाळीने सहा सहा महिने घ्यावेत. आधी कुणी घ्यायचे ते पगारावर कशाला ठरवायचं, चिठ्ठी टाका. असं मी म्हटलं तर ते म्हणाले, "आई, ऑफिसात मला हसतील." मी म्हटलं, मलाही शटलमधले हसले होते, लग्नानंतर नोकरी करते म्हणून.

या रविवारी परत येणार आहेत. मटकीची उसळ सांगून ठेवलीय नातवाने. जावयांना म्हटलंय, लॅपटॉप आणाच, मावशींची ओळ आपण नीट भरू. आणि येताना फ्लॅटचं इंडेक्स टू आणा, दोघांची नावं आहेत का ते मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय.